कर्ज फेडायचं ते घरखर्चातून, सातबाऱ्यातून नाही



आजचा विषय चारचौघांत बोलायचा नसतो, असं आपल्याकडे समजतात. मावळात कुणाची किती जमीन गेली, कुणाला किती मोबदला मिळाला, हे पारावर बसून मोजलं जातं. पण कुणाच्या घरावर किती कर्ज आहे, हे कधीकधी त्या घरातल्या बाईलाही धड माहीत नसतं. म्हणून आम्ही दुसऱ्याचं काही सांगण्याआधी आमचंच सांगतो. आम्ही दोघं नवरा-बायको कामशेतजवळच्या एका गावात राहतो. एक जण तळेगावच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला, दुसरी घरी शिवणकाम करते. दोन मुलं, आई आणि एकरभर भातखाचर. दोघांचं मिळून महिन्याला साधारण ३३ हजार येतात. आणि एका जून महिन्यात आमच्यावर २ लाख ३२ हजारांचं कर्ज होतं.

ते फेडायला आम्हांला २२ महिने लागले. लॉटरी लागली नाही, जमीन विकली नाही, दागिना मोडला नाही. कसं झालं ते आज हिशेबासकट सांगणार आहोत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत तीच लागू पडेल.

सावकार पगार बघत नाही

आधी थोडं मागे जाऊ. १२ मे १८७५ या दिवशी आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याला, बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हे. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरलं. लोकांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कर्जखतांवर होता. वह्या आणि खतं बाहेर काढून जाळली गेली.

हे का झालं, ते आपल्या कामाचं आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला तसं कर्जही सहज मिळू लागलं. शेतकऱ्याची पत वाढली असं सावकाराला वाटलं, आणि शेतकऱ्यालाही तसंच वाटलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, वरून सरकारने शेतसारा वाढवला. कर्ज मात्र होतं तेवढंच राहिलं, उलट व्याजाने फुगलं. मग जमिनी सावकाराच्या नावावर जाऊ लागल्या.

आता मावळाकडे बघा. २००२ पर्यंत मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. त्याच्या आगेमागे जमिनीला भाव आला. लोणावळ्यापासून पवनेच्या काठापर्यंत बंगले उभे राहिले. आणि आपल्याला कर्ज सहज मिळू लागलं. का? आपला पगार वाढला म्हणून नव्हे. सावकार पगार बघत नाही, तो सातबारा बघतो. तुमच्याच्याने हप्ता भरला जाईल का, याची त्याला चिंता नसते. नाही भरला तर काय हाती लागेल, एवढंच तो बघतो.

आमच्याकडेही एक जण आला होता. म्हणाला, "दादा, कशाला रोज जीव मारताय? रस्त्याकडचा तुकडा द्या, सगळं एका दिवसात मोकळं." खरंच झालं असतं मोकळं. पण ज्या खर्चाच्या सवयीने कर्ज झालं ती सवय तशीच राहिली असती. दोन वर्षांत पुन्हा कर्ज, पुन्हा एक तुकडा. असे तुकडे देत देत ज्यांचं खाचर संपलं आणि जे आज त्याच जागेवरच्या बंगल्यात माळी म्हणून कामाला आहेत, अशी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. म्हणून आम्ही ठरवलं, कर्ज घरखर्चातून झालंय, तर फेडायचंही घरखर्चातूनच.

पहिलं काम: सगळं एका कागदावर

एका रविवारी आम्ही वहीचं एक पान घेतलं आणि चार रकाने आखले. कुणाचं, किती, शेकडा व्याज किती, आणि त्याच्यापाशी आपलं काय अडकलंय.

क्रेडिट कार्ड, ६२ हजार. व्याज आणि त्यावरचा कर धरून महिन्याला शेकडा साडेतीन. अडकलेलं काही नाही.

ओळखीतला सावकार, ५० हजार. महिन्याला शेकडा तीन. हे वडिलांच्या दहाव्या-तेराव्याला आणि त्याच वर्षीच्या लावणीला घेतलेले. जमिनीचा कागद अजून केला नव्हता, पण विषय निघायला लागला होता.

सोनेतारण, ८० हजार. महिन्याला शेकडा एक. बहिणीच्या लग्नातलं. गंठण आणि पाटल्या अडकलेल्या.

मेहुण्याचे हातउसने, ४० हजार. व्याज नाही. अडकलेलं काय? माहेरची मान खाली.

आता व्याज मोजा. कार्डाचं २,१७०, सावकाराचं १,५००, सोन्याचं ८००. महिन्याला ४,४७० रुपये. घरखर्च होता २८,५००. बेरीज ३२,९७०. म्हणजे ३३ हजारांतले सगळे संपत होते आणि मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नव्हता. सावकाराला १४ महिन्यांत २१ हजार देऊन झाले होते, आणि ५० हजार जसेच्या तसे उभे होते.

शेकडा तीन म्हटलं की तीन रुपयेच वाटतात. बाराने गुणा, वर्षाला ३६ टक्के होतात. कार्डाचे ४२. आपल्याकडे दर महिन्याचा सांगतात आणि बँकेत वर्षाचा, त्यातच माणूस फसतो. आणखी एक फसवा शब्द म्हणजे 'फ्लॅट'. ५० हजार दोन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट, म्हणजे १२ हजार व्याज आणि २४ हप्ते २,५८३ रुपयांचे. ऐकायला बरं वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ५० हजारांवर घेतात. खरा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणून विचारायचं, "घटत्या शिलकेवर दर किती?" या एका प्रश्नाने समोरचा माणूस नीट बोलायला लागतो.

काटकसर कुठे केली

आता तुम्ही म्हणाल, ३३ हजारांत कापायचं काय? आम्हांलाही तेच वाटत होतं. म्हणून एक महिना काहीच कमी केलं नाही, फक्त लिहिलं. चहासुद्धा लिहिला. महिनाअखेरीला वही वाचली तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे बघेनात.

पेट्रोल. कामशेत ते तळेगाव रोज दुचाकीने जाणं-येणं. आपल्याकडे पुणे-लोणावळा लोकल आहे. कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव. पासाचे पैसे पेट्रोलच्या मानाने किरकोळ. दुसऱ्या पाळीला गाडीची वेळ जुळत नाही, त्या आठवड्यात दुचाकी. वाचले १,२००.

टपरी आणि बाहेरचं खाणं. नाक्यावरचा चहा, वडापाव, रविवारी मुलांना घेऊन लोणावळ्याला चक्कर. वाचले १,४००.

किराणा. दुकानातून रोज दहा-दहाच्या पुड्या आणायच्या, त्याऐवजी महिन्याची यादी करून एकदाच सामान भरलं. उधारीची वही बंद केली, कारण उधारीवर घेताना आपण भाव विचारत नाही. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी रानातून आणली, परसात दोडका आणि घेवडा लावला. वाचले १,३००.

मोबाइल आणि टीव्हीचे रिचार्ज, ४५०. ऑनलाइन कपडे आणि 'सेल लागलाय' म्हणून घेतलेल्या वस्तू, १,१००.

आणि आहेर. हे सगळ्यांत अवघड. लगीनसराईत महिन्याला आठ-दहा पत्रिका येतात. प्रत्येक ठिकाणी टॉवेल-टोपी, साडी, पाकीट. घेतलेली टोपी कुणी घालत नाही, ती पुढच्या लग्नात जाते. आम्ही ठरवलं, लग्नाला जायचं, आदल्या दिवशी कामाला हात लावायचा, पण मानपान द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. पहिल्या दोन लग्नांत कुजबुज झाली. तिसऱ्याला एका मावशींनी बाजूला घेऊन विचारलं, "आमच्यातबी असं करता येईल का गं?" सरासरी वाचले १,०५०.

बेरीज केली तर ६,५००. म्हणजे दिवसाला सव्वादोनशेच्याही आत.

आमची एक चूकही सांगतो, कारण ती बहुतेक घरांत होते. पहिल्या पंधरवड्यात आम्ही दूधही कमी केलं होतं आणि आईच्या गुडघ्याचं औषध एक दिवसाआड केलं होतं. आई काही बोलली नाही, पण चालणं मंदावलं. तेव्हा दोन नियम केले. दूध, औषध, शाळा आणि कामाचं साधन, म्हणजे शिलाई मशीन, यांना हात लावायचा नाही. दुसरा, काटकसर बाईच्या ताटातून करायची नाही. आपल्याकडे घरात टंचाई आली की पहिली भाजी तिच्या ताटातली कमी होते आणि त्यालाच 'संसार जपला' म्हणतात. ती काटकसर नव्हे. तो खर्च पुढे दवाखान्यात निघतो.

वाचलेला रुपया त्याच दिवशी हलवा

काटकसर पुष्कळ लोक करतात, तरी कर्ज फिटत नाही. का? वाचलेला रुपया घरात पडून राहतो आणि दुसऱ्या वाटेने निघून जातो. चहा सोडला, पण त्या पैशांची चप्पल आली. म्हणून पगाराच्या दिवशीच, किराणा भरायच्याही आधी, कर्जाचे पैसे बाजूला काढायचे. आम्ही व्याजाचे ४,४७० आणि वाचलेले ६,५०० मिळून १०,९७० रुपये दर महिन्याला कर्जासाठी ठरवले. एक कर्ज संपलं तरी हा आकडा कमी करायचा नाही. संपलेल्याचा हप्ता पुढच्याच्या अंगावर टाकायचा. सगळी मेख इथे आहे.

जूनचे पहिले ६,५०० आम्ही कर्जाला दिले नाहीत. ते अडीनडीला वेगळे ठेवले. पावसात छपराचे पत्रे उडाले तेव्हा साडेतीन हजार त्यातूनच गेले, नाहीतर पुन्हा कार्ड घासलं असतं. लगीनसराईत ब्लाउजची जादा शिलाई करून ते परत भरले.

जुलैपासून कार्डावर महिन्याला ८,६७०. सावकाराचं आणि सोन्याचं फक्त व्याज. दिवाळीला कंपनीचे १२ हजार मिळाले, ते पूर्ण कार्डावर. डिसेंबरात भाताचा निर्णय घेतला. आमच्या खाचरात इंद्रायणी होतो. हा वाण आपल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला, आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तयार झालेला, १९८७ साली शेतकऱ्यांच्या हातात आला. पुण्या-मुंबईचे लोक तो मागून घेतात. आम्ही २५० किलो साठ रुपयांनी घरबसल्या विकला, १५ हजार आले. स्वतःला खायला ३५ रुपयांचा जाडा तांदूळ आणला, ८,७५०. हातात राहिले ६,२५०. मुलं कुरकुरली. सणाला लागेल म्हणून एक पोतं इंद्रायणी ठेवलं होतं, बाकी वर्षभर जाडा भात. पण त्या डिसेंबरातच कार्ड शून्यावर आलं आणि आम्ही ते कायमचं बंद केलं.

जानेवारीपासून सावकार. सोन्याचं व्याज सोडून महिन्याला १०,१७०. तो आधी म्हणाला, "मुद्दल एकरकमी आणा, असे तुकडे मी घेत नाही." त्याचंही बरोबर होतं, व्याज चालू राहण्यातच त्याचा फायदा. आम्ही गावातल्या दोन जाणत्या माणसांना घेऊन गेलो आणि दर वेळी दिलेल्या रकमेची सही घेतली. जूनमध्ये ते खातं संपलं, वर उरलेले सहा हजार सोन्याकडे गेले. जुलैपासून पूर्ण १०,९७० सोन्यावर, मध्ये पुन्हा दिवाळीचे १२ हजार. त्या डिसेंबरात गंठण घरी आलं. पुन्हा इंद्रायणी विकला, आणि मार्चअखेर मेहुण्यांचे ४० हजार परत केले.

बावीस महिने. तसंच चालू ठेवलं असतं तर या बावीस महिन्यांत नुसतं व्याज ९८,३४० रुपये भरलं असतं, आणि २ लाख ३२ हजार तिथेच उभे राहिले असते.

काही प्रश्न

बोलताना पुढच्या रांगेतून एक प्रश्न आला, की सावकार आधी का नाही फेडला? नियम असा. ज्याचा दर जास्त त्याला आधी. पण एक अपवाद. जमिनीचा किंवा घराचा कागद एखाद्याकडे गेला असेल, तर दर काहीही असो, तो आधी सोडवा. आमचा कागद झाला नव्हता, म्हणून आम्ही कार्ड आधी धरलं.

दुसरा प्रश्न, सावकाराविरुद्ध काही करता येत नाही का? येतं. २०१४ पासून महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ आणि नसेल तर १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, एवढाच दर ठरवून दिलेला आहे. आमचा ३६ घेत होता. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहाय्यक निबंधकांकडे करता येते. आम्ही भिडेपोटी केली नाही, तुम्ही तसं करू नका. आणि लावणीसाठी सावकाराकडे जाऊच नका. विकास सोसायटीतून तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्यात त्याला व्याज पडत नाही. आम्हांला ते माहीत होतं, फक्त कागदपत्रांचा कंटाळा केला. त्या कंटाळ्याची किंमत आम्ही शेकडा तीनने मोजली.

तिसरा प्रश्न एका ताईंचा, गटाने घेतलेल्या कर्जाचे दर आठवड्याला हप्ते आहेत, तीन ठिकाणचे. ताई, सूक्ष्मकर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासून नियम आहे, की घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. तीन ठिकाणची बेरीज त्यापेक्षा जास्त होत असेल तर चौथं घेऊन तिसरं फेडू नका. आधी नवीन उचल थांबवा. बचत गटाचं अंतर्गत कर्ज मिळत असेल तर ते घेऊन सगळ्यांत महाग असलेलं बंद करा, पण बंद केल्याची पावती हातात येईपर्यंत पैसे दुसरीकडे वळवू नका.

शेवटी एकच. लोणावळ्यात ज्यांची कमाई हंगामी आहे, म्हणजे पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी कणसं विकणारे, गाडी चालवणारे, खोल्या भाड्याने देणारे, त्यांनी महिन्याच्या हिशेबात अडकू नये. हंगामात आलेल्या पैशांतून आधी पुढच्या कोरड्या महिन्यांचा किराणा बाजूला काढा, आणि उरलेल्यातला मोठा वाटा थेट मुद्दलावर मारा. हंगामात टीव्ही घेतला की मार्चमध्ये सावकाराची पायरी चढावी लागते.

तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुप्याच्या लोकांनी ती जाळली. त्यानंतर १८७९ चा कायदा आला, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, १९१७ मध्ये पुणे जिल्हा मध्यवर्ती बँक उभी राहिली. हे सगळं झालं म्हणून आज आपल्याला सावकाराशिवाय दुसरी दारं आहेत. पण आपलं खत आपल्यासाठी कुणी बुडवायला येणार नाही. आज घरी गेल्यावर वहीचं एक पान घ्या, चार रकाने आखा, आणि दोघांनी मिळून भरा. एकट्याने भरू नका. आमच्याकडचं ते पान अजून आहे, चारही ओळींवर काट मारलेलं. आणि रस्त्याकडच्या त्या तुकड्यात यंदाही इंद्रायणीच लावलाय. आता तो आम्हीच खातो.